दवण्याच्या तेलात आईची फसवणूक झाली, प्लीज वाचा

मागच्या महिन्यात दादरला एका हॉलमध्ये हर्बल वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं, आई मावशीबरोबर गेली आणि शुद्ध दवणा तेल म्हणून 10 मिलीच्या तीन बाटल्या 1200 रुपयांना घेऊन आली. आमचं गाव कोल्हापूरकडचं, चैत्रात जोतिबाला दवणा वाहायचा आणि उरलेला साड्यांच्या घड्यांत ठेवायचा, कसर लागू नये म्हणून. त्यामुळे दवणा म्हटलं की आईला शंका येतच नाही आणि त्या माणसाने नेमकं तेच पकडलं. "आई, देवाला वाहता तोच हा, जंतांवर जुन्या लोकांचं औषध, दोन थेंब कोमट पाण्यात घ्या, तीन महिन्यांत साखरेची गोळी सुटेल."

जंतांवर दवणा द्यायचे हे आजी पण सांगायची, म्हणून तर पुढचं पण तिला खरं वाटलं. कुणाला न सांगता तिने रात्रीची गोळी बंद केली. वीस दिवसांत सारखी तहान, सारखं बाथरूम, जिना चढताना पाय गळायला लागले. जेवणानंतरची शुगर 312 आली तेव्हा कुठे तिने सांगितलं. मी खूप घाबरलो होतो. आता गोळ्या परत चालू आहेत, शुगर उतरतेय.

मग बाटली नीट बघितली. लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, बिल हाताने लिहिलेलं, त्यावरचा मोबाईल बंद. कागदावर एक थेंब टाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशी पण भजीच्या कागदासारखा तेलकट डाग तसाच, म्हणजे बहुतेक सगळं साधं तेल आणि वरून सेंट. फुलमार्केटमधून दवण्याची जुडी आणून ती राखाडी-हिरवी बारीक पानं चुरडली, तो गोड आणि मागून किंचित कडवट वास बोटांना संध्याकाळपर्यंत होता, बाटलीतला वास अर्ध्या तासात गेला. किलोभर तेलाला शेकडो किलो पाला लागतो हो, ते 400 रुपयांत 10 मिली कसं मिळेल? आणि खरं असतं तरी ते अत्तरात थेंबाने वापरायचं तेल आहे, डॉक्टरांना न विचारता पोटात घ्यायचं नाही. दवणा शेवंतीच्याच कुळातला, त्या फुलांनी ज्यांना पुरळ उठतं त्यांनी अंगाला लावताना पण जपा.

डायबिटीस बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हे मला आत्ता कळलं. ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार केलीये आणि बांद्र्याला अन्न व औषध प्रशासनाकडे एक न उघडलेली बाटली, बिल आणि आईचा रिपोर्ट घेऊन सोमवारी जातोय. त्याच प्रदर्शनातून कुणी घेतलं असेल तर बाटली फेकू नका, आणि घरातल्या मोठ्यांनी एखादी गोळी बंद केलीये का ते आजच विचारा.