पोटावर टाके होते, आत सगळं जागच्या जागी

पुण्यातल्या एका खासगी क्लिनिकने आमच्या भिंगरी या कुत्रीच्या नसबंदीचे साडेचौदा हजार रुपये घेतले, पोटावर टाके घातले, गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर अडकवली आणि तिला घरी पाठवलं. नसबंदी मात्र केलीच नव्हती. हे मी रागाच्या भरात लिहीत नाहीये, वकिलांना दाखवून लिहितेय. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्याने क्लिनिकचं नाव देत नाही. आमच्या भागात ज्यांनी माझ्या गूगल रिव्ह्यूवरचं हे भांडण वाचलंय त्यांना ते माहीतच आहे. बाकीच्यांनी हे कसं केलं जातं तेवढं नीट वाचा.

भिंगरी गावठी. तपकिरी अंग, छातीवर पांढरा डाग, शेपटी मधेच मोडून परत जोडल्यासारखी वाकडी. ही शेपटी पुढे फार कामाला आली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तिला सोडलं, छापील संमतीपत्रावर सही केली. दुपारी क्लिनिककडून व्हॉट्सअॅपवर फोटो आला: भिंगरी टेबलावर, गुंगीत, खाली 'बेबी इज फाइन'. संध्याकाळी ती स्वतःच्या पायांनी टुणटुणत बाहेर आली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्याही, 'पोट फाडलेलं जनावर असं उड्या मारतं होय?' काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितलं, 'आजी, आता टेक्निक अॅडव्हान्स झालंय.'

बिलावर लिहिलं होतं: ओव्हेरिओहिस्टेरेक्टॉमी (म्हणजे दोन्ही अंडाशयं आणि गर्भपिशवी काढून टाकणं), आयसोफ्लुरेन गॅसची भूल, इम्पोर्टेड धागे, अँटिबायोटिक, कॉलर. चाकू कोणी धरला ते कुठेच नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर फक्त क्लिनिकचा शिक्का.

काही महिन्यांनी आमच्या गेटवर कुत्र्यांची गर्दी जमायला लागली. वॉचमनकाका म्हणाले, 'ताई, हिचं ऑपरेशन झालंय ना? मग हे सगळे नवरदेव कुणासाठी आलेत?' भिंगरी माजावर आली होती. लघवीची जागा सुजलेली, फरशीवर रक्ताचे थेंब, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. क्लिनिकमध्ये नेलं तर डॉक्टर शांतपणे म्हणाले, 'ओव्हेरियन रेमनंट. कधीकधी अंडाशयाचा एखादा कण आत राहतो. काळजीचं काही नाही.' सोनोग्राफी करायची का, असं विचारलं तर म्हणाले, एवढ्यात गरज नाही. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तपासणीचे पैसे वेगळे घेतले.

इथे जरा थांबते, कारण हे उत्तर फार हुशारीचं आहे. ओव्हेरियन रेमनंट ही खरीच भानगड आहे. चांगल्या सर्जनच्या हातूनही अंडाशयाचा तुकडा राहू शकतो आणि मग नसबंदी झालेली कुत्री माजाची लक्षणं दाखवते. म्हणजे ज्याने काहीच काढलं नाही तोही हेच उत्तर देऊ शकतो, आणि समोरचा घरी जाऊन इंटरनेटवर शोधतो तेव्हा त्याला तेच वाचायला मिळतं. खरं काय ते सोनोग्राफीत, रक्तातल्या हार्मोनच्या तपासणीत किंवा पोट पुन्हा उघडल्यावरच कळतं. तेव्हा तुम्हाला कोणी हे कारण दिलं, तर त्या निदानासाठी केलेली तपासणी कागदावर मागा. नुसत्या तोंडी उत्तरावर घरी येऊ नका.

माज ओसरल्यावर काही आठवड्यांनी भिंगरी पाणी प्यायला लागली. भांडं भरलं की रिकामं, भरलं की रिकामं. घरभर लघवी. मग जेवण सुटलं, उलट्या सुरू झाल्या, पोट टणक लागायला लागलं. रविवारची रात्र होती, त्या क्लिनिकचा फोन बंद. आम्ही तिला दुसऱ्या एका सर्जनकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफीचा प्रोब ठेवला आणि विचारलं, 'हिचं स्पे, म्हणजे नसबंदी, झालंय असं कोण म्हणालं?' पडद्यावर द्रवाने भरलेल्या दोन जाड नळ्या दिसत होत्या. पायोमेट्रा, म्हणजे गर्भपिशवीत पू. माज येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यांत नसबंदी न झालेल्या कुत्रीला होतो तो आजार. पिशवीचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो आणि मालकाच्या लक्षात तरी येतं. भिंगरीचं बंद होतं. अशी पिशवी आत फुटली की जनावर वाचवणं फार अवघड जातं. पांढऱ्या पेशी भरमसाट वाढल्या होत्या. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

या सर्जनने पहिल्या मिनिटापासून व्हिडिओ घेतला. तसं करा असं आम्ही सांगितलं नव्हतं. आधीच्या टाक्यांची खूण पाहून त्यांनाच शंका आली असावी. त्या व्हिडिओत दिसतं ते असं: कातडीवर जुनी खूण आहे, तिच्या खालच्या स्नायूंच्या थरावर काहीही नाही. नसबंदीसाठी तो थर कापावाच लागतो, आणि कापला की व्रण राहतो, मग टाके विरघळणारे असोत नाहीतर नसोत. आत दोन्ही अंडाशयं, गर्भपिशवीची दोन्ही शिंगं (म्हणजे तिच्या दोन नळ्या), सगळं जागच्या जागी. कुठे गाठ बांधलेली नाही, धागा नाही. म्हणजे फक्त कातडी कापली आणि शिवली. पहिल्या संध्याकाळी ती उड्या का मारत होती ते तेव्हा कळलं. काढलेली पिशवी आणि अंडाशयं त्यांनी फॉर्मालिनच्या बरणीत ठेवली, हिस्टोपॅथॉलॉजीला (म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवली, रिपोर्ट आला. भिंगरी वाचली. खर्च पहिल्या बिलाच्या दुपटीहून जास्त.

असं कोणी का करेल, हे मी त्या सर्जनना विचारलं. ते म्हणाले, 'मी जे पाहिलं ते लिहून देईन, अंदाज देणार नाही.' मला ते बरोबर वाटलं. समव्यावसायिकाविरुद्ध लिहायला डॉक्टर सहसा तयार होत नाहीत. पण आयोगापुढे लागतो तो निष्कर्ष, शेरेबाजी नाही. माझा अंदाज मी सांगते: मोठ्या कुत्रीची नसबंदी हे किरकोळ काम नाही. अंडाशयाकडे जाणारी रक्तवाहिनी नीट बांधली गेली नाही तर रक्तस्राव होऊन जनावर दगावू शकतं. हात बसलेला सर्जन त्या दिवशी नसेल, आणि बुकिंग तर घेतलेलं असेल, तर कातडी शिवून देणं सगळ्यात सुरक्षित. जनावर मरत नाही, पैसे बुडत नाहीत, मालक आभार मानून जातो.

मी गूगलवर रिव्ह्यू लिहिला. तारीख, बिलाचा फोटो, दुसऱ्या ऑपरेशनचे निष्कर्ष. शिव्या नाहीत, विशेषणं नाहीत. तरी वणवा पेटला. क्लिनिकने जाहीर उत्तर दिलं की मालकिणीला रेमनंटबद्दल आधीच कल्पना दिली होती आणि तिने फॉलो-अप टाळला. मी हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट टाकला. मग उत्तर बदललं: आम्ही फक्त अंडाशयं काढतो, गर्भपिशवी ठेवतो. ही पद्धतही खरी आहे, युरोपात बऱ्याच ठिकाणी सर्रास वापरली जाते. पण मग बिलावर ओव्हेरिओहिस्टेरेक्टॉमी का, आणि रिपोर्टमध्ये दोन अख्खी अंडाशयं कुठून आली? त्यावर तिसरं उत्तर आलं, आणि हे वाचून मी खरोखर हसले: ही कुत्री आमच्याकडे आलेलीच नाही, दुसरी कुठलीतरी गावठी कुत्री दाखवून बदनामी चालू आहे.

तपकिरी गावठी कुत्री पुण्यात गल्लोगल्ली आहेत आणि क्लिनिकच्या केसपेपरवर 'इंडी, फीमेल, ब्राऊन' एवढंच होतं. ही खेळी चालूनही गेली असती. पण त्यांनी स्वतः पाठवलेल्या 'बेबी इज फाइन'च्या फोटोत वाकडी शेपटी टेबलाच्या कडेवरून लोंबकळताना स्वच्छ दिसते. ज्यांचं जनावर चारचौघांसारखं दिसतं त्यांनी मायक्रोचिप बसवून घ्या. पंधरा आकडी नंबर असतो, तो केसपेपरवर आणि बिलावर लिहून घ्या. नंतर कुत्रं बदललं असा कांगावा करायला वाव राहत नाही.

त्याच आठवड्यात क्लिनिकच्या पानावर पंचतारांकित रिव्ह्यूंचा पाऊस पडला. 'व्हेरी केअरिंग स्टाफ', 'बेस्ट डॉक्टर इन पुणे', आणि लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्याआधी आयुष्यात काही लिहिलेलं नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडले. 'डॉक्टर देवमाणूस आहेत, आमच्या मोतीला रात्री दोन वाजता सलाइन लावलं' असं लिहिणारे खोटं बोलत नव्हते. रात्री दोनला सलाइन लावणारा माणूस दुपारी दोनला फसवू शकत नाही, असं मात्र कुठे आहे? एक काकू तर मला खासगीत म्हणाल्या, 'जाऊ दे गं, कुत्र्यासाठी एवढं?' त्यांना मी उत्तर दिलं नाही.

मग वकिलाची नोटीस. अब्रुनुकसानी, दहा लाख भरपाई, सात दिवसांत जाहीर माफी. अशी नोटीस आली की माणूस हबकतो आणि रिव्ह्यू काढून टाकतो, तिचा उद्देशच तो असतो. अब्रुनुकसानीचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. लोकहितासाठी केलेलं खरं विधान हा त्याला पहिलाच अपवाद. आमच्या वकिलांनी कागदपत्रांसह उत्तर पाठवलं, त्यानंतर तिकडून नोटिशीचा विषय निघाला नाही. निघाला तो तडजोडीचा. पूर्ण पैसे परत, अट एकच: रिव्ह्यू काढायचा आणि एका कागदावर सही करायची. कागद वाचला. त्यात 'उपचार समाधानकारक झाले व कोणतीही तक्रार नाही' असं होतं. ती सही केली असती तर पुढचे सगळे दरवाजे मी स्वतःच्या हाताने बंद केले असते. पैसे परत मिळत असतील तर जरूर घ्या, पण पावती फक्त पैसे मिळाल्याची द्या.

या सगळ्यात एक गोष्ट कळली आणि ती अजून पचत नाही. महापालिका रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी संस्थांकडून करून घेते, त्या कामाला २०२३ चे अॅनिमल बर्थ कंट्रोल नियम लागू आहेत. तिथे काढलेले अवयव जपून ठेवावे लागतात आणि ते मोजून कामाचा हिशेब लागतो. खोटे आकडे दाखवून बिलं उचलली जाऊ नयेत म्हणून. म्हणजे कोपऱ्यावरच्या काळूच्या ऑपरेशनची मोजणी होते, आणि साडेचौदा हजार भरून केलेल्या माझ्या कुत्रीच्या ऑपरेशनला पुरावा काय, तर कातडीवरचे टाके. खासगीत अवयव दाखवा म्हणायला कोणी अडवत नाही. पण कोणी म्हणतही नाही. नसबंदीला जनावर सोडताना सरळ सांगा की काढलेली पिशवी आणि अंडाशयं बघायची आहेत, किमान फोटो हवाय, शेजारी जनावराचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून. चांगल्या डॉक्टरला यात अपमान वाटत नाही. नंतर मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी बहुतेक म्हणाले, 'आम्ही तर नेहमीच दाखवतो.' सोबत ऑपरेशन करणाऱ्याचं नाव, त्याचा नोंदणी क्रमांक, भुलीचं औषध आणि मात्रा, हे सगळं डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. गॅसच्या भुलीचे पैसे लावले असतील तर मशीन कुठे आहे ते आधीच बघून घ्या.

नोंदणी क्रमांकाचं महत्त्व असं: भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणी झालेल्या पदवीधर पशुवैद्यकालाच हे काम करता येतं. पाटीवर एक डॉक्टर आणि आत टेबलाशी भलताच कोणी, ही तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकली. नोंदणीकृत डॉक्टरने गैरवर्तन केलं तर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. आम्ही केली आहे.

पैशाची बाजू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बसते. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्याने पशुवैद्यकही त्यात येतो. जिल्हा आयोगात तक्रार करायची, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ऑनलाइन भरता येते, आणि नुसती विचारपूस करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मराठीतही बोलतात. आम्ही जोडलेल्या कागदांत सगळ्यात वजनदार ठरतोय तो हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट. म्हणून दुसरं ऑपरेशन करायची वेळ आलीच, तर काढलेलं काहीही टाकून देऊ देऊ नका.

रिव्ह्यू वाचून त्याच क्लिनिकमध्ये नसबंदी केलेल्या दोघांनी कागद घेऊन मला गाठलं. एकाच्या लॅब्राडॉरची तपासणी केली, तिची नसबंदी व्यवस्थित झालेली निघाली. तसं मी माझ्या रिव्ह्यूखाली लिहिलंही. दुसरीची पामेरियन ऑपरेशननंतर दोनदा माजावर आलीय आणि तिलाही रेमनंट हेच सांगितलं होतं. दोघींच्या डिस्चार्ज कार्डावर शिक्का तोच, ऑपरेशन करणाऱ्याचं नाव एकावरही नाही. भिंगरीच्या दिवशी टेबलाशी कोण होतं, हे क्लिनिकने शपथेवर सांगावं असा अर्ज आम्ही आयोगाकडे दिला आहे. गेल्या तारखेला त्यांच्या वकिलांनी उत्तरासाठी मुदत मागितली.