पहिलं वाईन टेस्टिंग: गंगापूर, कावनई की अकलूज?

एकदा वाईन टेस्टिंगला जाऊन आलात की ओळखीपाळखीत तुम्ही आपोआप 'त्यातले' ठरता. मला तीन फेऱ्यांनंतर दर हिवाळ्यात फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो: "सुलाला जाऊ, की दुसरीकडे कुठे?" (सुला म्हणजे नाशिकची नावाजलेली वायनरी, वाईन बनवायची जागा.) मी आधी उलट विचारतो, बरोबर कोण आहे आणि वार कोणता? वायनरीचं नाव त्यानंतर. का, ते पुढे येईलच.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. पहिल्या खेपेला सकाळी नाशिकात पोचलो. नाशिकला जाऊन मिसळ न खाता पुढे जाणं काही जमलं नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा, तो दोनदा मागून घेतलेला, वर कच्चा कांदा आणि शेवटी कडक चहा. तासाभरानं पहिला ग्लास हातात आला तेव्हा जीभ सुन्न होती. पाच वाईन चाखल्या, पाचही आंबट पाण्यासारख्या लागल्या. शेजारचे गृहस्थ "लिची येतेय हं" म्हणत होते आणि मला येत होता तो माझ्याच बोटांचा कांदा. तेव्हा मिसळ खा, पण टेस्टिंग आटोपल्यावर. अत्तर, परफ्यूम घरी ठेवा.

आता जागा. नवख्या माणसापुढे खरे पर्याय तीन आहेत.

पहिला गंगापूर धरणाचा परिसर. नाशिक शहरापासून रिक्षानंही जाता येईल इतका जवळ. सुला इथेच आहे. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी १९९७ मध्ये इथे वेली लावल्या, आणि २००५ मध्ये देशातली पहिली टेस्टिंग रूम इथेच सुरू झाली. आज तिथे हॉटेलं, राहायच्या खोल्या, दुकान, सगळं आहे. टूरच्या वेळा ठरलेल्या असतात. द्राक्षं दाबायचं प्रेस, माणसापेक्षा तिप्पट उंच स्टीलच्या टाक्या, गार खोलीतली ओक लाकडाची पिंपं, असं क्रमानं दाखवतात आणि मग ग्लास हातात येतो. जवळच गंगावऱ्हे इथे यॉर्क आहे, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून. २०२१ पासून यॉर्कही सुलाच्याच मालकीची, पण आकारानं बरीच लहान.

दुसरा इगतपुरीचा पट्टा. मुंबईहून येताना कसारा घाट चढलात, घोटी गाठलीत की कावनईचा फाटा. कपिलधारा तीर्थामुळे गाव जुन्या लोकांना ठाऊक आहे. आता त्याच बाजूला व्हॅलोने ही छोटी वायनरी आहे आणि सांजेगावात ग्रोव्हर झाम्पाची मोठी. व्हॅलोनेला राहायला खोल्या मोजक्याच, समोर मुकणे धरणाचं पाणी. मुंबई-ठाण्याच्या माणसाला हा पट्टा नाशिकच्या अलीकडेच पडतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

तिसरा अकलूज. सोलापूर जिल्हा, चहूकडे ऊस, आणि मधेच फ्रातेल्लीच्या द्राक्षबागा. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेक्की बंधू, अकलूजचे मोहिते-पाटील बंधू आणि दिल्लीचे सेखरी बंधू, अशा तीन भावकींनी मिळून हे उभं केलं. टस्कनीचे पिएरो मासी त्यांचे वाईनमेकर. सांजोवेझे हे इटालियन द्राक्ष इथे पिकतं. त्यांची 'सेत्ते' ही वाईन त्याच द्राक्षात काबर्ने हे दुसरं द्राक्ष मिसळून बनवतात. पुण्याहून जाऊन दिवसात परत येणं म्हणजे नुसती गाडीतली बसाबस. इथे जायचं तर आधी ठरवून, मुक्काम करून.

(दिंडोरीचं शाँदों मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. तिथलं काम फेसाळणाऱ्या वाईनचं. ते दुसऱ्या फेरीला बघा. फुगे आधी चाखले की साध्या व्हाईट वाईनकडे कोणी वळून बघत नाही.)

आता माझं मत. सुलाला गर्दी असते हे सांगायला माझी गरज नाही. शनिवार-रविवार आणि जानेवारी-फेब्रुवारी म्हटलं की निम्मी मुंबई तिथे असते. ही तक्रार नव्हे. सहा-सात मित्र असतील, दोघं पिणारे आणि बाकीचे फोटोवाले, तर त्याहून सोयीची जागा नाही. न पिणाऱ्यालाही तिथे दिवस घालवता येतो. पण तुम्हाला वाईन म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल, तर गर्दीत ते होत नाही, मग वायनरी कोणतीही असो. कारण या खेळात जीभ दुय्यम आहे, काम असतं नाकाला, आणि नाकाला शांतता लागते.

हे मला कळलं दुसऱ्या खेपेला. इगतपुरीकडच्या एका लहान वायनरीत, फेब्रुवारीतल्या मंगळवारी. मी, बायको आणि सासूबाई. सासूबाईंनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. त्या "तुमचं होईपर्यंत मी सावलीत बसते" म्हणून आल्या होत्या. टेबलावर आमच्याखेरीज कोणी नाही. ओतणारा मुलगा निफाडकडचा, घरची द्राक्षबाग असलेला. त्यानं टेबलावर स्टीलचं भांडं ठेवलं आणि म्हणाला, "गिळायचं नसेल तर यात टाका." सासूबाईंनी भांड्याकडे पाहिलं. "अगं बाई, पिकदाणी!"

पहिली होती सोव्हिन्यों ब्लाँ, व्हाईट. मी ग्लास फिरवला, हुंगला, चेहरा जाणकाराचा केला. काही कळलं नव्हतं. मुलगा म्हणाला, "आजी, तुम्ही नुसता वास तर घ्या." त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि पुढच्या क्षणी म्हणाल्या, "पेरू. पण कच्चा हं. आणि ढोबळी चिरल्यासारखं काहीतरी." मुलगा हसायलाच लागला. आपल्याकडच्या सोव्हिन्यों ब्लाँबद्दल जाणकार जे सांगतात ते नेमकं हेच. चाळीस वर्षं फोडणीच्या वासावरून मीठ कमी की जास्त ओळखणाऱ्या बाईला त्यात अवघड काहीच नव्हतं. मग मीही पुन्हा हुंगलं, आणि खरंच, पेरू!

पुढे शिराझ आली, रेड. घोट घेतला की हिरड्या आणि जीभ आखडल्यासारखी होते. याला टॅनिन म्हणतात. विसरलेला कोरा चहा जास्त उकळला की जे होतं तेच. त्यामागे काळ्या मिऱ्याचा वास. हे कुठून येतं म्हणून विचारलं तर मुलगा आम्हाला बागेत घेऊन गेला. वाईनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. त्यानं काळंभोर द्राक्ष तोडून माझ्या तळहातावर चिरडलं. रस जवळजवळ पाण्याच्या रंगाचा! रंग सगळा सालीतला, तुरटपणा साली-बियांतला. म्हणून रेड वाईन सालींसकट आंबवतात, आणि व्हाईटला आधी रस काढून साली बाजूला करतात. "आमचे वडील अजून थॉमसनच लावतात, खायची," तो म्हणाला. "पण गोडी बघा, यात जास्त." खरं होतं. वाईनसाठी साखर २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) चढू देतात, आणि आंबताना तिचंच अल्कोहोल होतं.

ही पंधरा मिनिटं रविवारी मिळाली नसती, कुठेच. म्हणून मी वार आधी विचारतो.

ऋतूचंही तसंच. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, पावसाळाभर वेली नुसत्या पाल्यावर वाढतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. ऑगस्टमध्ये धरण, डोंगर, हिरवळ, सगळं झकास दिसतं, पण वेलीवर घड शोधू नका. द्राक्ष हातात घेऊन बघायचं असेल तर फेब्रुवारी. आणि तारीख ठरवताना ड्राय डे तपासा. २६ जानेवारी आणि २ ऑक्टोबरला जोडून सुट्ट्या घेऊन आलेली मंडळी बंद काउंटरसमोर फोटो काढून परत जातात. आषाढी आणि अनंत चतुर्दशीही त्यातच. वयाचा दाखला खिशात असू द्या, वाईनसाठी राज्यात २१ पूर्ण लागतात.

एका दिवसात किती वायनरी? दोन. टेस्टिंगचा घोट साधारण ३० मिलीचा. पाच झाले की दीडशे, म्हणजे हॉटेलातला एक भरलेला ग्लास. त्यातही १२-१४ टक्के अल्कोहोल. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत सगळंच छान लागायला लागतं आणि पाकीट हलकं होतं. गाडी कोण चालवणार हे घरून निघतानाच ठरवा. मुंबईहून सकाळची तपोवन पकडून नाशिक रोडला उतरलात आणि पुढे टॅक्सी केलीत तर तो वादच मिटतो. इगतपुरीच्या पट्ट्यात मात्र गाडीवाचून भागत नाही, आणि गंगापूरचं पारडं जड होतं ते इथेच.

ओतणारा माणूस व्हाईट, रोझे (गुलाबी), रेड, शेवटी गोड, असाच क्रम लावेल. तो मोडू नका. "मला गोडच आवडते, तीच आधी द्या" म्हणालात तर श्रीखंडानंतर चहा पिण्यासारखं होतं. बाटली घ्यायचीच असेल तर ज्या ग्लासाकडे हात आपोआप दुसऱ्यांदा गेला ती घ्या, भलेही ती यादीतली सर्वांत स्वस्त असो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका.

तर थोडक्यात फोनवर मी जे सांगतो ते असं. मित्रांचा घोळका आणि रविवारच असेल तर गंगापूर. सकाळी सुला लवकर गाठा, दुपारी यॉर्कला पाण्याकडे बघत बसा. दोघं-तिघंच आहात आणि एक रजा टाकता येतेय, तर मंगळवार-बुधवार, कावनई, आधी फोन करून. पंढरपूर-सोलापूरकडे जाणं होणारच असेल आणि एक रात्र हाताशी असेल, तर अकलूज. पण ती पहिली फेरी नको, रेड वाईनशी थोडी ओळख झाल्यावर त्या सांजोवेझेची मजा येते.

आमच्या घरी तिसरी फेरी सासूबाईंनीच काढली. त्या अजूनही घोट घेत नाहीत. प्रत्येक ग्लास आधी त्यांच्याकडे जातो, मग आमच्याकडे.