एचसीव्हीच्या अँटीबॉडीज: कुठली चालली, कुठली अडली

हिपॅटायटिस सी विषाणूवर (एचसीव्ही) काम करणाऱ्या लॅबमध्ये नवी अँटीबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन) मागवायची म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही अडकतात. १०० मायक्रोलिटरच्या कुपीला ४०-५० हजार रुपये सहज जातात. कोटेशन, परचेस कमिटी, मग ड्राय आइसवर परदेशातून माल येईपर्यंत दीड-दोन महिने. एवढं करून ब्लॉटवर (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं मेंब्रेनवर उतरवून पाहण्याची वेस्टर्न चाचणी) काहीच दिसलं नाही, तर पीएचडीच्या विद्यार्थ्याचं अख्खं सत्र हातचं जातं. म्हणून वर्षभराहून जास्त काळ वापरून जे पक्कं कळलं, ते सविस्तर लिहिते आहे.

आमचं काम थोडक्यात सांगते. ह्यू-७.५ या मानवी यकृताच्या पेशींमध्ये जेएफएच१ वाढवतो. ताकाजी वाकिता यांच्या गटाने २००५ मध्ये पेशींत वाढवून दाखवलेला हा जीनोटाइप (जनुकीय प्रकार) २ए चा विषाणू. त्याच्या जोडीला जीनोटाइप ३ए चा एस५२ रेप्लिकॉन (पेशीत स्वतःच्या प्रती काढणारा विषाणूच्या आरएनएचा भाग) आहे. रेप्लिकॉनमध्ये कोअर, ई१, ई२ ही विषाणूच्या बांधणीची प्रथिनं नसतात, त्यामुळे ३ए ची ही प्रथिनं प्लाझमिडवरून (पेशीत सोडलेलं डीएनएचं वर्तुळ) बनवून घेतो. वेस्टर्न, इम्युनोफ्लुरोसन्स (पेशी रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहणं) आणि एलायझा (प्लेटवरची चाचणी) अशा तिन्हींत अँटीबॉडीज वापरल्या.

सगळ्यात आधी जीनोटाइपबद्दल, कारण खरी मेख तिथेच आहे. एचसीव्हीचे ८ जीनोटाइप आहेत आणि त्यांच्या जनुकीय क्रमात साधारण ३० टक्के फरक असतो. कॅटलॉगमधल्या बहुतेक अँटीबॉडीज मात्र १ए किंवा १बी च्या प्रथिनावर तयार केलेल्या असतात. डेटाशीटवर ठळक अक्षरांत फक्त ‘एचसीव्ही’ लिहिलेलं असतं आणि कुठल्या जीनोटाइपचं प्रथिन टोचून ती बनवली, हे खाली बारीक अक्षरांत असतं. कधी कधी तेही नसतं. भारतात सर्वाधिक आढळतो तो जीनोटाइप ३. म्हणजे आपल्याकडच्या रुग्णांतल्या विषाणूसाठी कॅटलॉगमधली निम्मी यादी तपासून पाहिल्याशिवाय कामाची नाही. विषाणूच्या एनएस३ या प्रथिनासाठी मागवलेली सशाची एक पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) जेएफएच१ वर फिका बँड देत होती आणि एस५२ वर चक्क कोरी. त्याच पेशींत आरटी-पीसीआरला आरएनए भरपूर होता, म्हणजे विषाणूची प्रथिनं बनत होती, अँटीबॉडी त्यांना धरत नव्हती. शिवाय न लागण झालेल्या ह्यू-७.५ पेशींतही ७० किलोडाल्टनच्या आसपास एक आगंतुक बँड होता आणि एनएस३ नेमकं तिथेच धावतं. निगेटिव्ह कंट्रोलची लेन नसती, तर तोच बँड खरा धरून बसलो असतो.

आता एकेक. कोअरसाठी सी७-५० ही उंदराची मोनोक्लोनल (एकाच साच्याची अँटीबॉडी). हिच्याबद्दल मला तक्रारच नाही. ती कोअरच्या २१ ते ४० या अमिनो आम्लांच्या पट्ट्याला चिकटते आणि हा पट्टा जीनोटाइप बदलला तरी फारसा बदलत नाही. आमच्याकडे २ए आणि ३ए दोन्हींवर तिने साथ दिली. वेस्टर्नमध्ये २१ किलोडाल्टनला स्वच्छ बँड येतो. मात्र प्रथिन लहान आहे, त्यामुळे १५ टक्क्यांचं जेल आणि ०.२ मायक्रॉनचं मेंब्रेन घ्या. ट्रान्सफर जास्त वेळ चालला की प्रथिन मेंब्रेनमधून आरपार जातं. रेप्लिकॉनच्या पेशींत कोअर नसतंच, त्यामुळे या अँटीबॉडीला तो आयता निगेटिव्ह कंट्रोल मिळतो.

सी७-५० चं खरं सौंदर्य मात्र मायक्रोस्कोपखाली दिसतं. कोअर पेशीतल्या लिपिड ड्रॉपलेटवर (चरबीच्या थेंबांवर) जाऊन बसतं आणि नवे विषाणू बांधायची सुरुवात तिथूनच होते. बॉडिपी या रंगाने ड्रॉपलेट हिरवे रंगवले आणि कोअर लाल, की प्रत्येक हिरव्या ठिपक्याभोवती बांगडीसारखं लाल कडं उमटतं. पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा मी बराच वेळ आयपीसवरून डोळा काढला नव्हता. पण हे दिसायला फिक्सिंग आणि परमिएबिलायझिंग (पेशीच्या पडद्याला भोकं पाडणं) जपून करावं लागतं. मेथॅनॉलने लिपिड विरघळतं आणि कड्यांऐवजी नुसता गिचमिडा उरतो. ट्रायटन जास्त झालं तरी ड्रॉपलेटचा पृष्ठभाग बिघडतो. आम्ही ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स करून ०.१ टक्का सॅपोनिनवर आलो आणि चित्र एकदम सुधारलं. सॅपोनिनचा परिणाम टिकाऊ नसतो. अँटीबॉडीच्या द्रावणात आणि प्रत्येक वॉशमध्ये ते घालत राहावं लागतं, नाहीतर पडद्याची भोकं पुन्हा मिटतात आणि सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला चिकटून सिग्नल देणारी दुसरी अँटीबॉडी) आत पोहोचत नाही.

एनएस५ए साठी ९ई१०. ही चार्ल्स राइस यांच्या लॅबमधली. त्यांना २०२० चं नोबेल हार्वी ऑल्टर आणि मायकेल हॉटन यांच्यासोबत याच विषाणूच्या शोधासाठी मिळालं. जेएफएच१ साठी मी डोळे मिटून हीच घेईन. सिग्नल इतका जोरकस असतो की डायल्यूशन वाढवत न्यावं लागतं, आणि फोकस (लागण झालेल्या पेशींचे पुंजके) मोजायला तर उत्तमच. फक्त ऑर्डर देताना सावध राहा. प्रथिनांना ओळखीसाठी जोडतात त्या सी-मिक टॅगवरची जगभर वापरली जाणारी अँटीबॉडीसुद्धा ९ई१० याच नावाची आहे. दोघींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. डीलरला नुसता क्लोन क्रमांक कळवला तर हमखास मिकची कुपी हातात येते. कोटेशनमध्ये ‘एचसीव्ही एनएस५ए’ हे शब्द असलेच पाहिजेत. लॅबमध्ये दोन्ही असतील, तर कुप्यांवर वेगवेगळ्या रंगाचे स्टिकर लावा.

एनएस५ए चे दोन बँड येतात. कमी फॉस्फेट असलेलं रूप ५६ आणि जास्त फॉस्फेट असलेलं ५८ किलोडाल्टनचं, असं साहित्यात म्हणतात. जेएफएच१ मध्ये दोन्ही थोडे वर दिसतात. ते वेगळे दिसायला हवे असतील तर ८ टक्क्यांचं जेल लांब धावू द्या आणि लायसिस बफरमध्ये फॉस्फेटेज इन्हिबिटर विसरू नका. नाहीतर वरचा बँड नमुना तयार करतानाच गळतो. डॅक्लाटास्विरसारखं एनएस५ए वरचं औषध दिलं की वरचा बँड फिका पडतो. हा फरक ९ई१० वर डोळ्यांनी दिसतो, आणि औषधाचा परिणाम एका ब्लॉटवर दाखवायचा असेल तर याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. दोन्ही बँड एकदम फिके पडले, तर मात्र तो विषाणूची वाढ थांबल्याचा परिणाम असू शकतो. म्हणून औषध थोडाच वेळ देऊन पाहावं.

एनएस३ साठी शेवटी मोनोक्लोनलवरच आलो. फोकस मोजताना सी७-५० आणि एनएस३ ची एच२३ एकत्र लावण्याची पद्धत चांगली आहे, कमी लागण झालेल्या पेशीही सुटत नाहीत.

ई२ चं प्रकरण मोठं आहे. या प्रथिनावर साखरेच्या ११ च्या आसपास साखळ्या असतात, त्यामुळे वेस्टर्नमध्ये ७० किलोडाल्टनच्या आसपास धुरकट, पसरट बँड येतो. त्याला घाबरू नका. पीएनगेज एफ हे एन्झाइम देऊन साखळ्या तोडल्या की बँड खाली उतरून आखडतो. ही चाचणी एकदा तरी करा, म्हणजे बँड खरंच ई२ चा आहे याची खात्री पटते. एपी३३ आणि एआर३ए या दोन्ही वापरल्या. एपी३३ ही ग्लासगोच्या अरविंद पटेल यांच्या लॅबची, ४१२ ते ४२३ या सलग पट्ट्यावर बसणारी. प्रथिन उकळून सरळ केलं तरी ती ओळखते, म्हणून वेस्टर्न आणि एलायझा दोन्हींत चालते. एआर३ए मानवी आहे. स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या मन्सून लॉ आणि सहकाऱ्यांनी ती २००८ मध्ये प्रसिद्ध केली. ती प्रथिनाच्या घडीवर बसते, त्यामुळे उकळलेल्या नमुन्यावर लावण्यात अर्थच नाही. ब्लॉट कोरा आला म्हणून ‘अँटीबॉडी खराब आहे’ असं म्हणणारे मी पाहिले आहेत. त्यात अँटीबॉडीचा दोष नसतो. उलट फिक्स केलेल्या पेशींत तिने सुंदर काम केलं, आणि ती मानवी असल्यामुळे उंदराच्या सी७-५० सोबत डबल स्टेनिंगला सेकंडरीची पंचाईत होत नाही.

एलायझासाठी ई२ थेट प्लेटवर चिकटवू नका, त्याची घडी बिघडते. आधी प्लेटवर स्नोड्रॉपच्या कंदापासून मिळणारं जीएनए लेक्टिन लावा. ते ई२ च्या मॅनोज साखळ्या पकडतं आणि प्रथिन जसंच्या तसं उभं राहतं. एआर३ए चा सिग्नल आमच्याकडे या बदलानंतरच धड आला.

साठवणुकीबद्दल थोडं. कुपी आली त्याच दिवशी अलिकोट करा (छोट्या कुप्यांत वाटून ठेवा). लोडशेडिंगमध्ये डीप फ्रीझर वितळून पुन्हा गोठला, तर पूर्ण कुपीची वाट लागते. डायल्यूट केलेली प्रायमरी (पहिली अँटीबॉडी) ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालून ४ डिग्रीला ठेवली तर अनेकदा वापरता येते आणि पैसे वाचतात. पण अझाइड सेकंडरीला जोडलेल्या एचआरपी एन्झाइमला मारतं, म्हणून सेकंडरीच्या बफरमध्ये ते कधीही नको, आणि मधले वॉश नीट करा. पॉलिक्लोनल घ्यावीच लागली तर एकाच लॉटची जास्त मागवा. आमच्या एका पॉलिक्लोनलचा पुढचा लॉट आला, तो निम्म्या ताकदीचा होता आणि सगळी डायल्यूशन्स नव्याने बसवावी लागली.

एनएस५बी साठी ३ए वर समाधान देणारी अँटीबॉडी अजून सापडलेली नाही. जेएफएच१ वर चालणारी आहे, पण एस५२ वर बँड इतका फिका की मोजमाप करवत नाही. कोणी ३ए वर खात्रीने वापरली असेल, तर क्लोन, लॉट आणि डायल्यूशन तिन्ही कळवा. सोबत निगेटिव्ह कंट्रोलच्या लेनसकट पूर्ण ब्लॉट असेल तर उत्तम.