खाजनातला कोरगुट : तांदूळ उत्तम, पिशवी मुकी

पणजीतील एका दुकानातून मी गेल्या महिन्यात दोन किलो उकडा कोरगुट, म्हणजे खाऱ्या जमिनीत पिकणारा गोव्याचा पारंपरिक तांदूळ, आणला. भाव किलोला 120 रुपये, म्हणजे नेहमीच्या उकड्या तांदळाच्या जवळपास दुप्पट. तरीही तो घ्यावा, असेच मी म्हणेन. माझी तक्रार वेगळी आहे.

दाणा जाड आणि तांबूस असून रात्री भिजत घातल्यास सकाळी पाणीही तांबूस झालेले दिसते. शिजायला वेळ लागतो, पण दाणा मोडत नाही आणि पेज अशी दाट होते, की सोबत तोराच्या (कोवळ्या कैरीच्या) लोणच्याखेरीज काही लागत नाही. हुमणाबरोबर (माशांच्या आमटीबरोबर) मात्र घरातल्या मुलांना तो फार जाड वाटला. दोन किलोंत बऱ्याच न सडलेल्या साळी आणि चार खडे निघाले, जे या भावात निघायला नको होते.

पिशवीवर ‘खाजनातले पारंपरिक, पर्यावरणपूरक भात’ असे छापले आहे. पिशवी जाड प्लास्टिकची आहे, ते सोडून देऊ. पण खाजन कोणत्या गावचे आणि कापणी कधीची, याचा त्यावर पत्ता नाही. ही चौकशी मला महत्त्वाची वाटते, कारण खाजन म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली जमीन. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या वाटेची, दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडतात, पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघते आणि उरलेला खारेपणा कोरगुट सोसतो. बांध खचला, की हे सगळेच थांबते.

गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर खाजन असल्याचे सांगितले जाते, परंतु त्यातले पुष्कळसे आज पडीक आहे. पूर्वी बांधांची देखभाल कोमुनिदादी, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्था, करीत. 1964 च्या कूळ कायद्यानंतर हे काम हळूहळू कुळांच्या संघांकडे आले. मानशीवरच्या मासेमारीची पावणी (लिलाव) होते आणि पावणी घेणाऱ्याला सुंगटांसाठी (कोळंबीसाठी) खारे पाणी आत यायला हवे असते, त्यामुळे त्याचे आणि भात पेरणाऱ्याचे हित जुळत नाही. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेने खाजनात विकासकामांना मनाई केली आणि तेथील खारफुटीलाही संरक्षण दिले. बांधकामे रोखण्यासाठी हे हवेच होते. पण बांध फुटून शेतातच खारफुटी रुजली, तर ती तोडून पुन्हा भात पेरायला शेतकरी कचरतो, आणि वर्ष दोन वर्षांत तिथे शेत होते हे ओळखूही येत नाही. गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातल्या एका गावात मी हे पाहिले आहे: मानशीचे एक दार कुजलेले, त्यापुढे वाळूची पोती रचलेली आणि मागच्या वाफ्यांत गुडघाभर उंचीची तिवरे.

म्हणूनच पिशवीवर गावाचे नाव हवे. त्या गावचा बांध धड आहे की नाही, हे ग्राहकाला निदान विचारता येईल. दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, “बाय, माल तिसवाडीतलाच असावा. पुढच्या खेपेला विचारून ठेवतो.” पुढच्या खेपेला मी एक किलो आणला. खडे दोनच निघाले. गावाचे नाव त्याला अजून कळलेले नव्हते.