धनत्रयोदशीची खरेदी : तांबट आळीतील एक दुकान

समुद्रमंथनातून धन्वंतरी अमृतकलश घेऊन प्रकटले, या कथेमुळे आश्विन वद्य त्रयोदशीला नवे भांडे घरी आणण्याची रीत पडली, असे मानले जाते. धनत्रयोदशी साडेतीन मुहूर्तांत मोडत नाही, तरीही त्या दिवशी सराफांकडे पाय ठेवायला जागा नसते. आमच्या घरी मात्र आजही सोन्याऐवजी भांडेच घेतात आणि धने-गुळाच्या नैवेद्यासमोर ठेवून त्याची पूजा करतात.

यंदा त्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतल्या एका जुन्या दुकानातून तांब्याचा हंडा घेतला. त्यावरचे मठारकाम अप्रतिम आहे : हातोडीचा प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला नेमका भिडलेला, आणि उजेडात फिरवला की सगळा पृष्ठभाग खवल्यांसारखा चमकतो. हे ठोके केवळ शोभेचे नसतात, त्यांनी पत्रा कठीण होतो व भांड्याला सहज पोचे पडत नाहीत, हे दुकानदारकाकांनी गर्दीतही शांतपणे समजावून सांगितले. पितळी पातेल्यात आंबट शिजवायचे असेल तर कल्हई करूनच न्या, असेही त्यांनी आपणहून सुचवले.

तक्रार एकच. हंड्याची एक कडी सैल निघाली आणि ती बसवून घेण्यासाठी पाडव्यानंतर पुन्हा खेप घालावी लागली. शिवाय पावतीवर वजन व मजुरी वेगळी लिहिलेली नव्हती, ती मागून घ्यावी. शक्यतो सणाच्या आठवडाभर आधी जावे, म्हणजे भांडे निवांत पारखता येते.