25 नंबरचा पोर्ट बंद असलेलं फायबर: नऊ महिन्यांनंतर

नागपुरात गांधीबागेत आमचं कापडाचं होलसेल दुकान आहे. हे फायबर इंटरनेट घेऊन नऊ महिने झाले. स्पीड चांगला, पावसाळ्यात लाइन दोनदाच गेली. लिहायचंय ते ईमेलबद्दल आणि त्याच्या पोर्टबद्दल. पोर्ट म्हणजे इंटरनेटवर वेगवेगळ्या कामांसाठी ठरलेला नंबरी दरवाजा.

कनेक्शन घेतल्याच्या तिसऱ्याच दिवशी बिलिंग सॉफ्टवेअरच्या आउटबॉक्समध्ये 43 बिलं अडकली. वेबसाइट उघडतात, व्हॉट्सॲप चालतं, मेल येतात, पण जात एकही नाही. कस्टमर केअरचं एकच पालुपद, "सर, नेट तर चालू दाखवतंय." अमरावती-यवतमाळचे व्यापारी बिलासाठी फोनवर फोन करत होते. दोन दिवसांनी लाइन जोडून गेलेला मुलगाच म्हणाला, "काका, आमच्याकडे 25 नंबरचा पोर्ट बंद असतो. 587 टाकून पाहा." 587, टीएलएस (मेल वाटेत कुणी वाचू नये म्हणूनची सोय), युजरनेम, पासवर्ड भरला आणि पाच मिनिटांत सगळी बिलं गेली.

तेव्हा फार संताप झाला होता. आज मात्र पोर्ट बंद ठेवणं मला बरोबरच वाटतं. 25 हा मेल सर्व्हरनी एकमेकांना मेल द्यायचा रस्ता, तिथे पासवर्ड लागत नाही. व्हायरस लागलेला घरचा कॉम्प्युटर तिथूनच थेट हजारो मेल सोडतो. ग्राहकांसाठी 587 हा वेगळा पोर्ट 1998 सालीच ठरलाय. तिथे लॉगिन लागतं, त्यामुळे पासवर्ड चोरीला गेला तरी कोणतं खातं ते कळतं आणि तेवढंच थांबवता येतं.

जुन्या कनेक्शनवर 25 उघडा होता आणि आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, अनेकांत मिळून एकच. कुणाच्या तरी मशीनमधून स्पॅम गेलं, आयपी स्पॅमहाउस या संस्थेच्या स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत चढला आणि आमची बिलं आठवडाभर परत येत राहिली. या कनेक्शनवर सहाव्या महिन्यात आमच्याच हिशेबाच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला. राउटरच्या यादीत 25 नंबरच्या शेकडो नोंदी, कुठल्या कुठल्या देशांच्या पत्त्यांवर, पण जोडणी एकही झालेली नव्हती. ते पाहून अंगावर काटा आला.

माझी तक्रार न सांगण्याबद्दल आहे. फॉर्मवर एक ओळ छापली असती तर आमचे दोन दिवस वाचले असते. उद्या कुठल्या इंटरनेट कंपनीने 587 बंद करून फक्त तिच्याच सर्व्हरमधून मेल पाठवायला लावलं, तर त्याला माझा ठाम विरोध राहील.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांनी स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घेतानाच 25 उघडून मिळेल का ते लेखी विचारावं. शेजारच्या छापखान्याला अर्ज केल्यावर चार दिवसांत उघडून मिळाला.