हॉवर्ड हॉजकिनचं मुद्राचित्र: काही महिने भिंतीवर राहिल्यानंतर

हॉवर्ड हॉजकिन (1932–2017) या ब्रिटिश चित्रकाराचं एक मुद्राचित्र, म्हणजे पत्र्यावरून कागदावर छापून काढलेलं चित्र, आम्ही गेल्या दिवाळीच्या सुमारास विकत घेतलं. एचिंग (आम्लाने पत्रा कोरून छापणं), कार्बोरंडम आणि त्यावर हाताने दिलेला रंग, असं मिश्र तंत्र. आता जून आलाय, त्यामुळे अनुभव लिहायला हरकत नाही. विक्रेत्याच्या फोटोत हे चित्र नुसतं सपाट रंगीत दिसत होतं. घरी आल्यावर कळलं की त्याला चांगला उठाव आहे.

कार्बोरंडम म्हणजे धार लावायच्या दगडात असते तीच खरखरीत पूड. ती चिकट द्रावणात कालवून ब्रशने पत्र्यावर लावतात. वाळून कडक झाली की शाई चोळायची, ओलसर जाड कागद ठेवायचा आणि प्रेसमधून काढायचा. कणांच्या फटींत शाई भरपूर साठते, म्हणून काळा रंग इतका गडद उतरतो, आणि ब्रशचा फटकारा कागदावर उठावाने येतो. आमच्या प्रतीत डावीकडे केशरी रंगाचं पाणी अशाच एका काळ्या उंचवट्याला अडून साचलंय आणि तिथे दाट, जवळजवळ तपकिरी रेघ तयार झालीय. दुसऱ्या प्रतीत ती नेमकी अशीच असणार नाही.

हा हातरंग सहायक देत, हॉजकिनच्या सूचनेबरहुकूम. काहींना हे खटकतं. मला खटकत नाही; कुठला रंग, किती पातळ, कुठवर न्यायचा, हे ठरवणारी नजर त्याचीच आहे.

खरा त्रास झाला फ्रेमिंगचा. रंग कागदाच्या अगदी कडेपर्यंत गेलेला आहे. पहिल्या फ्रेमवाल्याने नेहमीसारखा खिडकी कापलेला माउंट वर बसवला आणि चारी बाजूंनी बोटभर चित्र गिळून टाकलं. वर काच उठावाला टेकलेली! लगेच सोडवून घेतलं. या चित्राला तरंगता माउंटच हवा: कागद मागून जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने धरायचा, कडा उघड्या ठेवायच्या, आणि काच पुढे राहील इतकी खोल फ्रेम घ्यायची. खर्च बराच आला, पण इथे काटकसर करू नका. हॉजकिन भारतीय लघुचित्रांचा मोठा संग्राहक होता. लघुचित्रात हाशिया, म्हणजे भोवतीची किनार, चित्राचाच भाग असतो. स्वतःच्या तैलचित्रांत तर तो रंग थेट चौकटीवर नेत असे. त्याची कड झाकणं म्हणजे चित्र कापणंच.

भारताशी त्याचं नातं वरवरचं नव्हतं. 1964 पासून तो वारंवार येत राहिला. 1978 मध्ये अहमदाबादला त्याने हातकागदाच्या ओल्या लगद्यावर कापडाच्या रंगांनी चित्रं केली. दिल्लीच्या ब्रिटिश कौन्सिलची इमारत मुंबईचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची, तिच्या दर्शनी भिंतीवरचा काळ्या-पांढऱ्या दगडातला वटवृक्ष हॉजकिनचा.

रोजच्या वापरात काय जाणवलं? समोरून येणाऱ्या दिव्यात चित्र मरतं. आमच्याकडे ते खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर आहे, उजेड तिरपा पडतो. संध्याकाळी काळ्या फटकाऱ्याचा एकेक कण दिसतो. थेट ऊन मात्र नको, रंग उडायची भीती असते, म्हणून अतिनील किरण अडवणारी काच बसवलीय. आणि हे चित्र शेजार सहन करत नाही. बाजूची दोन छोटी चित्रं आम्ही शेवटी जिन्यात हलवली.

घेणार असाल तर पेन्सिलीतली आद्याक्षरं आणि प्रतीचा क्रमांक तपासा, मागची बाजू उघडून दाखवायला सांगा, आणि तिरप्या उजेडातले फोटो मागवा. विक्रेत्याने ते द्यायला टाळाटाळ केली तर पुढे जाऊ नका. लंडनला जाणं जमत असेल तर टेट ब्रिटन या कलासंग्रहालयाच्या अभ्यासकक्षात आधी वेळ ठरवून त्याची मुद्राचित्रं जवळून, मोफत बघता येतात. पैसे मोजण्याआधी तिथे एक चक्कर माराच.